दहा रुपयांच्या टूथपेस्टने ओरखडे जात नाहीत, रंग जातो

दसरा जवळ आला की गाडी धुण्यापुसण्याचे फॉरवर्ड फिरायला लागतात. यंदाच्याचं शीर्षक असं: ‘गाडीवरचे ओरखडे घरच्या घरी फक्त दहा रुपयांत घालवा, शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत!’ बरेच दिवस मी तो वाचून सोडून देत होतो. मग तो आमच्या थोरल्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांच्या काळ्या गाडीच्या बोनेटवर अर्धी ट्यूब खर्ची पडली. जिथे चार बारीक चरे होते तिथे आता ताटाएवढा पांढुरका, धुरकट डाग आहे. काकांचं म्हणणं, ‘अजून एकदा घासलं की निघेल.’ ते अजून एकदा घासायच्या आत हे लिहून टाकतो.

फॉरवर्डमधले दावे थोडक्यात: टूथपेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल घासली की ओरखडा नाहीसा होतो. गाडी रोज कोरड्या फडक्याने पुसावी, पाण्याने गंज चढतो. धुवायचीच तर भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर पुरे, कार शाम्पू ही लूट आहे. मेण किंवा खोबरेल तेल लावलं की ओरखडे कायमचे भरून निघतात. आणि ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी ९एच सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पातळ, कठीण थर) करावं, कारण ते ‘हिऱ्याच्या खालोखाल कठीण’ असतं.

टूथपेस्टपासून सुरू करू, कारण काकांच्या बोनेटचं नुकसान तिनेच केलं.

गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर क्लिअरकोट नावाचा पारदर्शक थर असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअरकोट असतो ४०च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाच्या जाडीपेक्षा कमी थरात आहे. उन्हात बोनेटवर दिसणारे बारीक ओरखडे या थरात असतात. ओरखडा म्हणजे तिथला माल गेलेला आहे. गेलेला माल टूथपेस्टने परत येत नाही आणि पाच हजारांच्या पॉलिशनेही येत नाही. करता येण्यासारखी गोष्ट एकच: ओरखड्याच्या आजूबाजूचा थर त्याच्या तळापर्यंत उतरवायचा, म्हणजे कडा राहत नाहीत आणि प्रकाश विस्कटत नाही. ओरखडा ‘काढणं’ म्हणजे शिल्लक राहिलेला रंग खर्च करणं. हे एवढं एक वाक्य त्या फॉरवर्डमध्ये असतं तर बाकीचं लिहायची गरज नव्हती.

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, हे खरं. हायड्रेटेड सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट. पण ते किती घासतात याला मोजमाप आहे आणि ते दातांसाठी केलेलं आहे. टूथपेस्टसाठीचं आयएसओ ११६०९ हे आंतरराष्ट्रीय मानक दाताच्या डेंटिनवर, म्हणजे वरच्या इनॅमलखालच्या थरावर, होणारी झीज एका संदर्भ पावडरशी ताडून मोजतं. संदर्भाला १०० धरलं तर २५०पर्यंतची पेस्ट चालते. मर्यादा इतकी ऐसपैस आहे की एकीचा आकडा ७० आणि दुसरीचा २०० असला तरी दोन्ही नियमात बसतात. दात पांढरे करणाऱ्या पेस्टचा सहसा वरच्या बाजूला असतो. ट्यूबवर हा आकडा शोधून पाहा, बहुधा सापडणार नाही. म्हणजे ‘टूथपेस्ट लावा’ हा सल्ला मुळात अर्धवट आहे. कुठली? किती घासणारी? आणि ज्या कसोटीत डेंटिन पास झालं तिचा क्लिअरकोटशी काहीच संबंध नाही. डेंटिन हाडाच्या जातीचं, क्लिअरकोट प्लास्टिकच्या जातीचा.

गाडीच्या पॉलिशमध्येही घासणारेच कण असतात, मग फरक काय, असं काकांनी विचारलंच. फरक असा की पॉलिशमधले कण आकाराने एकसारखे ठेवलेले असतात, आणि बऱ्याच कंपाउंडमध्ये (म्हणजे जाडसर पॉलिशमध्ये) ते घासता घासता फुटून अधिक बारीक होत जातात, त्यामुळे शेवटी पृष्ठभाग नितळ होतो. टूथपेस्टला हे काम कोणी दिलेलंच नाही. ती एक खोल ओरखडा घालवायला शंभर उथळ ओरखडे पाडते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर ते लपतात, म्हणून फॉरवर्डखाली ‘मी करून पाहिलं, मस्त झालं’ म्हणणारे भेटतात. काळ्या, गडद निळ्या, लाल गाडीवर ते लगेच धुरकट डाग होऊन दिसतात. बोटाला जोर देऊन एकाच जागी घासलं की ती जागा आणखी खोलगट होते. क्लिअरकोट रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासूनही वाचवतो. तो पातळ झाला की काही वर्षांनी तिथेच पापुद्रे सुटायला लागतात, आणि मग पॉलिशचं नाही, अख्ख्या पॅनेलच्या पेंटिंगचं बिल येतं.

नाइलाजाने एक गोष्ट कबूल करतो. दुसऱ्या गाडीचा रंग तुमच्या बंपरला घासून चिकटला असेल, तर तो टूथपेस्टने निघतो. तो ओरखडा नसून वर बसलेला रंग असतो. बहुतेक ‘आधी-नंतर’ व्हिडिओंमध्ये हेच दाखवलेलं असतं. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटही पेस्टने काही दिवस उजळतात. पण त्यांच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवरचं अतिनील-रोधक आवरण जेवढं उरलेलं असतं तेवढंही त्यात जातं आणि हेडलाइट पुन्हा पिवळी पडते.

काकांच्या पिढीचा घासण्यावर एवढा विश्वास का, तेही समजतं. जुन्या फियाट-अँबेसिडरवर बहुधा एकाच थराचा रंग असे, वर क्लिअरकोट नाही. उन्हाने तो खडूसारखा फिका पडायचा. गॅरेजवाला रबिंग करून वरची मेलेली पापडी काढायचा, फडक्याला गाडीचा रंग लागायचा आणि खालून चमक वर यायची. तो उपाय त्या रंगासाठी बरोबर होता. आज तेच हात, तोच जोर क्लिअरकोटवर चालवला की फडक्याला काही रंग लागत नाही, त्यामुळे काय गेलं ते कळतही नाही.

आता कोरड्या फडक्याचा दावा. टूथपेस्ट वर्षातून एखादा माणूस लावतो, कोरडं फडकं मात्र प्रत्येक सोसायटीत रोज सकाळी फिरतं. पाण्याने गंज चढतो म्हणे! रंग शाबूत असेल तर पत्र्यापर्यंत पाणी पोचतच नाही. गंज चढतो तो दगड लागून टवका उडालेल्या ठिकाणी, किंवा खाली चिखल साचून राहतो तिथे. उलट धुळीत काय असतं ते बघा. आपल्याकडच्या बांधकामांवर क्रश सँड असते, म्हणजे काळ्या बेसाल्टचा चुरा. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाची कठीणता मोह्सच्या श्रेणीत (खनिजांची कठीणता १ ते १० अशी मोजणाऱ्या) ६च्या आसपास, वाळूतल्या क्वार्ट्झची ७. माणसाचं नख अडीचच्या आसपास येतं. ही धूळ गाडीवर रात्रभर बसते आणि सकाळी तिच्यावरूनच फडकं जोर देऊन फिरवलं जातं. उन्हात किंवा दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे जे ओरखडे दिसतात, त्यातले बहुतेक याच पुसण्याचे. गाडीसोबत मिळणारं, डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट पडून असलेलं मालकाचं पुस्तक उघडा. धुण्याच्या पानावर साधारण असंच सांगितलेलं असतं: आधी भरपूर पाण्याने माती सुटू द्या, मग सौम्य साबण आणि मऊ स्पंज, आणि हे सगळं सावलीत.

याच ओघात फॉरवर्ड म्हणतो, ‘गोल पुसू नका, सरळ पुसा.’ यात अर्धं खरं आहे. ओरखडे मुळात सगळ्या दिशांनी असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे पडतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. सरळ पुसल्याने ओरखडे टळत नाहीत, फक्त ते थोड्याच कोनांतून दिसतात.

सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या पोराला दोष देऊ नका. त्याला एका बादलीत आणि एका फडक्यात सगळ्या गाड्या उरकायच्या असतात, आणि आपण देतो किती? त्याला सांगा, ‘काचा तेवढ्या पूस, पत्र्याला हात लावू नकोस.’ गाडी आठवडाभर धुळकट राहिली तर काही बिघडत नाही. पाण्याची टंचाई आहे म्हणून कोरडं पुसतो म्हणाल, तर टंचाई हे न पुसण्याचंच कारण आहे. आठवड्या-पंधरवड्याने दोन बादल्यांत व्यवस्थित धुणं होतं: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी तांब्याने पाणी ओतून माती वाहून जाऊ द्यायची. मग मऊ मायक्रोफायबर शाम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं आणि पुन्हा शाम्पूत घालण्याआधी दर वेळी साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जो गाळ बसतो तो एरवी बोनेटवर घासला गेला असता. चाकं आणि खालच्या पट्टीसाठी वेगळं फडकं. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद. पुसताना न रगडता टिपून घ्यायचं, आणि बोअरचं पाणी असेल तर लगेच, नाहीतर क्षारांचे गोल डाग उमटतात. जुना बनियन मऊ लागतो खरा, पण त्याची शिवण कडक असते आणि सपाट धाग्यांत माती आत शिरत नाही, पृष्ठभागावरच फिरत राहते.

साबणाचं थोडक्यात. भांड्यांच्या पातळ साबणाने ओरखडे पडत नाहीत, पण मेणाचा थर निघून जातो. व्यावसायिक लोक जुनं मेण काढायला तो मुद्दाम वापरतात, रोजच्या धुण्याला नाही. कपड्यांच्या पावडरचे न विरघळलेले कण मात्र सरळ सरळ घासतात. फॉरवर्डच्या तळाशी रॉकेलचाही उल्लेख आहे. डांबराचे ठिपके रॉकेलने निघतात, तेवढं मान्य. पण त्याच फडक्याने सगळी गाडी ‘चमकवली’ तर वर राहिलेल्या तेलकट थरावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ बसते.

मेण आणि खोबरेल तेल ओरखडे भरतं का? भरतं, आणि म्हणूनच फसायला होतं. तेल ओरखड्यात शिरलं की प्रकाश कडांवर विस्कटत नाही आणि ओरखडा दिसेनासा होतो. ओली गाडी नवी दिसते त्याचंही कारण हेच. तेल पहिल्या धुण्यात जातं. ब्राझीलच्या ताडाच्या पानांपासून मिळणारं कार्नोबा मेण जास्त टिकतं, पाणी झटकतं, चमक देतं. धुवून स्वच्छ केलेल्या गाडीवर ते जरूर लावा. धुळीवर लावलंत तर मेणाच्या फडक्यानेच नवे ओरखडे पाडाल. पण ‘कायमचे’ हा शब्द खोडा.

९एचवाल्यांना तर हात जोडावेसे वाटतात. हे ‘एच’ पेन्सिलीचं आहे! आयएसओ १५१८४ या कसोटीत वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली थरावर ओढतात आणि कुठल्या पेन्सिलीपर्यंत खूण पडत नाही ते पाहतात. ९एच म्हणजे त्या संचातली बहुधा सर्वात कठीण पेन्सिल. हिरा ज्या श्रेणीत १० आहे आणि माणिक-नीलम ९, ती मोह्सची श्रेणी वेगळी. बेसाल्टची धूळ पेन्सिलीच्या शिशापेक्षा पुष्कळ कठीण असते, तिला तुमचं कोटिंग ९एच आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. कोटिंगने गाडी धुवायला सोपी जाते, ते करणाऱ्यांनी एवढंच म्हटलं तर माझी काही हरकत नाही.

मग ओरखडे खरंच घालवायचेच असतील तर? आधी नख आडवं फिरवून पाहा. नख अडकलं तर ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे, टचअपचा रंग लावा आणि विसरा. नख अडकत नसेल आणि पाण्याने ओलं केल्यावर तो दिसत नसेल, तर फोमचा पॅड आणि ड्युअल-अ‍ॅक्शन (फिरता फिरता हेलकावणाऱ्या) मशिनवर बारीक पॉलिशने तो कमी होतो. रंगाची जाडी मोजायचं मीटर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच जा. त्याने मीटर न लावता थेट रोटरी (एकाच दिशेने गरगर फिरून जास्त थर उतरवणारं) मशिन सुरू केलं तर किल्ली मागून घ्या. आणि दसऱ्याच्या आधी सर्व्हिसिंगला गाडी टाकताना पॅकेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश मोफत’ असेल, तर जॉब कार्डवर आपल्या हाताने लिहा: रबिंग करू नये.