अधांतरी

आज सकाळी खालच्या मजल्यावरचे काका वर आले ते भिजलेला पेपर चिमटीत धरून. मेलेला उंदीर धरतात तसा.

"शब्दकोडं," ते म्हणाले. "उभे शब्द सोडवून झाले होते. आडवे वाहून गेले."

माझ्या हँगिंग बास्केटचा प्रताप. मी 'सॉरी' म्हणून विषय मिटवणार होतो, पण काका बाल्कनीत शिरले होते.

"रोज घालता पाणी?"

"उन्हाळ्यात दोनदा. कुंडीला खाली जमीन असते हो, हिला चहूबाजूंनी वारा. लगेच वाळते."

"आणि तरी पेटुनियाने मान टाकलीय."

हे लागलं. या पेटुनियाची सुकलेली फुलं मी देठासकट खुडतो, बी धरण्यात ताकद जाऊ नये म्हणून. स्वतःची नखं इतक्या नेमाने कापत नाही. टांगलेली फुलं बघून लोक 'किती छान' म्हणतात. स्टुलावर चढून हात वर केला की झारीतलं पाणी कोपरावरून थेट काखेत जातं, ते कोणी बघत नाही.

काकांनी टोपलीच्या बुडाला तळवा लावून ती जराशी उचलली. "काहीच वजन नाही! कोकोपीट, म्हणजे हा नारळाचा भुसा, वाळून आक्रसलंय. ही कडेची फट बघा. पाणी फटीतून उतरतं आणि माझ्याकडे येतं. झाडाची नि त्याची भेटच होत नाही."

म्हणजे गेले पंधरा दिवस मी काकांना पाणी घालत होतो. तेही द्रवखत मिसळून! एवढ्याशा मातीतलं खत पाण्याबरोबर धुऊन जातं, म्हणून दर आठवड्याला पातळ करून घालायचं, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो.

मग काकांनी माझी आंघोळीची बादली मागवली. मागवली म्हणजे, स्वतःच जाऊन आणली. टोपली काठापर्यंत तिच्यात बुडवली. बुडबुडे येऊ लागले. काका नाडी बघावी तसे वाकून बसले. "बोलू नका. बुडबुडे थांबले की समजायचं, पोट भरलं." तब्बल वीस मिनिटं मी माझ्याच घरात गप्प उभा. आंघोळ राहिली, ऑफिसला उशीर झाला, आणि नारळाच्या काथ्याच्या अस्तरात भोकं पाडलेलं प्लॅस्टिक का घातलं नाही, यावर बोलणी खाल्ली. ते बरोबर होते, याचाच जास्त राग आला.

"आता निथळू द्या थोडी," मी म्हणालो.

"काही नको, टांगा."

लिटरभर पाण्याचं वजन किलोभर. त्यातून या टोपलीने किती लिटर प्यायलं, ते माझ्या खांद्याला विचारा. स्टूल डुगडुगतंय, टोपली अडकवायचा आकडा सापडत नाहीये, आणि काका खालून "डावीकडे, डावीकडे" करतायत. स्टूल मात्र धरत नाहीत.

"आता बघा, थेंब पडणार नाही," म्हणून ते खाली गेले.

मी स्टुलावरून उतरतोय तोच खालून आवाज आला, "अहो! राशिभविष्य!"