डोक्यात हवा गेली म्हणून नव्हे: नॉर्थ कॅरोलायनाची घसरण आणि एक सोयीचा दावा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलविषयी एक दावा इतक्या वेळा सांगितला गेला आहे की तो आता पुराव्याशिवायच खपतो. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा संघ एप्रिल 2022 मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्याच्या पहिल्या पाचांपैकी चार खेळाडू परत आले, नव्या हंगामाआधीच्या एपी (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्था) क्रमवारीत त्याला पहिला क्रमांक मिळाला, आणि तरीही मार्च 2023 मध्ये 68 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याला जागासुद्धा मिळाली नाही. संघ तोच, प्रशिक्षक तोच, तेव्हा बदलली ती वृत्तीच असणार. पैसा आला, नाव झाले, पोरांच्या डोक्यात हवा गेली आणि संघ बुडाला, असे हा दावा म्हणतो.

घसरण खरी आहे आणि ती मोठीही आहे. 1985 मध्ये ही स्पर्धा 64 संघांची झाल्यापासून, हंगामाआधी पहिला क्रमांक मिळवूनही स्पर्धेबाहेर राहिलेला हा पहिलाच संघ. वाद आहे तो कारणाविषयी.

आधी पैशाचा मुद्दा, कारण तो चटकन निकालात निघतो. कॉलेज खेळाडूंना स्वतःचे नाव आणि प्रतिमा वापरू देऊन पैसे मिळवण्याची मुभा 1 जुलै 2021 पासून मिळाली. म्हणजे ज्या हंगामात हा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, त्या संपूर्ण हंगामात ही मुभा होती. जे कारण यशाच्या वर्षीही हजर होते, ते एकट्याने अपयश कसे घडवील? न्यू ऑर्लिन्समधल्या त्या अंतिम सामन्यानंतर या खेळाडूंची कमाई वाढली असेल हे मान्य केले, तरी पैसे वाढले म्हणून अचूकता घटली हे आपोआप सिद्ध होत नाही.

'संघ तोच' हे विधान मात्र सविस्तर तपासण्याजोगे आहे, कारण सगळी गफलत त्यातच आहे. परत आलेले चौघे म्हणजे आर्मांडो बेकॉट, केलेब लव्ह, आरजे डेव्हिस आणि लीकी ब्लॅक. गेलेला पाचवा ब्रेडी मॅनिक. ओक्लाहोमा विद्यापीठातून एकाच हंगामासाठी आलेल्या या उंच फॉरवर्डने सामन्यामागे 15 गुण केले आणि लांबून मारायचे, तीन गुणांचे सुमारे 40 टक्के फटके बसवले. पाचांतला एक गेला म्हणजे संघाचा एक पंचमांश गेला, असा हिशेब वरवर पाहता वाटतो. बास्केटबॉलमध्ये तो तसा चालत नाही.

बेकॉट हा रिंगच्या जवळ, पाठ बास्केटकडे करून चेंडू मागणारा सेंटर. अशा खेळाडूच्या हातात चेंडू गेला की प्रतिस्पर्ध्यांचा दुसरा उंच बचावपटू मदतीला धावतो आणि दोघे मिळून त्याला कोंडतात. मॅनिक असताना या दुसऱ्या बचावपटूला रिंगपासून वीस-बावीस फुटांवर उभे राहावे लागे, कारण एक पाऊल आत सरकले की चेंडू बाहेर जाई आणि तीन गुण पडत. त्यामुळे बेकॉटला समोर एकच माणूस मिळे, आणि लव्ह व डेव्हिस या गार्डना, म्हणजे बाहेरून खेळ उभारणाऱ्या खेळाडूंना, चेंडू घेऊन आत घुसायला मोकळी वाट मिळे. मॅनिकचा खरा उपयोग त्याने मारलेल्या फटक्यांपेक्षा त्याच्या भीतीने मोकळ्या राहिलेल्या जागेत होता, आणि ती जागा गुणफलकावर कुठेच लिहिली जात नाही.

हे किती मोलाचे होते याचा नमुना त्याच यशस्वी हंगामात सापडतो. 19 मार्च 2022 रोजी गतविजेत्या बेलरविरुद्ध नॉर्थ कॅरोलायना 67-42 अशी 25 गुणांनी पुढे होती. दहा मिनिटे आठ सेकंद उरले असताना मॅनिकचे कोपर प्रतिस्पर्ध्याला लागले आणि पंचांनी त्याला सामन्यातून बाहेर काढले. तोवर त्याने 26 गुण केले होते. उरलेल्या वेळात बेलरने 38 आणि नॉर्थ कॅरोलायनाने 13 गुण केले, सामना 80-80 असा बरोबरीत गेला आणि ओव्हरटाइममध्ये 93-86 असा कसाबसा वाचला. बेलरने पूर्ण कोर्टभर दबाव आणला होता आणि लव्हही पाच फाउल होऊन बाहेर गेला होता, त्यामुळे सगळे श्रेय किंवा दोष एका माणसाच्या नावावर टाकणे अन्यायाचे ठरेल. पण पुढच्या वर्षाची झलक ज्याला हवी असेल त्याने ती दहा मिनिटे पाहावीत.

मॅनिकच्या जागी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून पीट नॅन्स आला. तिथल्या शेवटच्या हंगामात तीन गुणांचे 45 टक्के फटके बसवणाऱ्या या गुणी खेळाडूची अचूकता इथे 32 टक्क्यांच्या आसपास उतरली. ब्लॅक हा मुळात बचावाचा माणूस. परिणामी प्रतिस्पर्धी बचावपटू निर्धास्तपणे आत सरकू लागले. संघाची तीन गुणांची अचूकता जवळजवळ 36 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आली आणि लव्हची 36 वरून 30 वर. वृत्ती बिघडली म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे, की गर्वाने नेमके लांबचेच फटके कसे चुकतात?

दाव्याचे दुसरे गृहीतक असे, की 2022 चा संघ देशातला जवळजवळ सर्वोत्तम संघ होता. तो तसा नव्हता. त्या हंगामात तो केंटकीकडून 98-69, मायामीकडून 85-57, वेक फॉरेस्टकडून 98-76 आणि स्वतःच्या मैदानावर ड्यूककडून 87-67 असा हरला होता. 16 फेब्रुवारीला पिट्सबर्गने त्याला घरी येऊन हरवले, तेव्हा तो राष्ट्रीय स्पर्धेत जाईल का याचीच चर्चा होती. जागा मिळाली, पण स्पर्धेतल्या आपल्या विभागात मानांकन मिळाले ते आठवे. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मात्र सगळे जुळून आले: त्याने मार्क्वेट, बेलर, यूसीएलए, सेंट पीटर्स यांना हरवले आणि उपांत्य सामन्यात 81-77 असे ड्यूकला, त्यांचे प्रशिक्षक माइक शेशेव्स्की यांच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात. लव्हने यूसीएलएविरुद्ध 30 गुण केले, त्यांतले 27 उत्तरार्धात, आणि ड्यूकविरुद्ध 28. कॅन्ससविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला 40-25 अशी आघाडी होती. लव्हचे 24 पैकी 5 फटके बसले आणि सामना 72-69 असा गेला. संपूर्ण हंगामाचा हिशेब काढला तर लव्हची एकूण अचूकता दोन्ही वर्षे 37-38 टक्क्यांच्याच घरात होती. तो बदलला नव्हता. मार्च-एप्रिलमधल्या त्या दोन रात्री लोकांच्या लक्षात राहिल्या आणि बाकीच्या विसरल्या गेल्या.

हंगामाआधीचा पहिला क्रमांक हा त्या दोन-तीन आठवड्यांच्या आठवणीवर दिलेला होता. तो संघाने मागितला नव्हता, पण त्याच्या घसरणीची उंची मात्र त्यावरूनच मोजली गेली.

आता खुद्द वृत्तीकडे येऊ. मस्तीत गेलेला संघ सहसा कसा हरतो? सामना हातातून गेला की खांदे पाडतो आणि मोठ्या फरकाने हरतो. 2022-23 मध्ये हा संघ 20 सामने जिंकला आणि 13 हरला, आणि या 13 पराभवांतला सर्वांत मोठा फरक 12 गुणांचा होता, इंडियानाविरुद्ध. त्याउलट यशाच्या वर्षी त्याने 29, 28, 22 आणि 20 गुणांनी मार खाल्ला होता. पिट्सबर्गविरुद्ध तो एकदा 76-74 आणि एकदा 65-64 असा हरला. अलाबामाविरुद्ध तर चार ओव्हरटाइम खेळून 103-101 असा. त्या सामन्यात लव्हने 34 गुण केले खरे, पण त्यासाठी 36 फटके घेतले आणि 13 बसवले. यात निष्काळजीपणापेक्षा अडकलेले आक्रमण दिसते: चेंडू फिरत नाही, वाट मोकळी नाही, आणि शेवटी एकच माणूस अवघड फटका मारतो. जानेवारीत व्हर्जिनियाविरुद्ध बेकॉटचा घोटा पहिल्या दोन मिनिटांतच दुखावला आणि तो सामना 65-58 असा गेला. याला वृत्ती म्हणायचे की नशीब, हे ज्याने त्याने ठरवावे.

विरोधकांचा एक मुद्दा मी मान्य करतो. प्रशिक्षक ह्युबर्ट डेव्हिस यांनी दोन्ही वर्षे राखीव खेळाडूंवर फार कमी भरवसा ठेवला. 2022 मध्ये त्याच पाच जणांच्या चिवटपणाचे कौतुक झाले. पुढच्या वर्षी आक्रमण अडकले तेव्हा बाकावरून वेगळा काही उपाय येईना. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांविरुद्धच्या सर्वांत वरच्या गटातल्या दहा सामन्यांपैकी एकच विजय मिळाला, फेब्रुवारीतला व्हर्जिनियाविरुद्धचा, आणि निवड समितीने दार बंद केले ते मुख्यतः याच आकड्यावर. ही चूक नियोजनाची आहे, चारित्र्याची नव्हे.

शेवटी लव्हकडे बोट दाखवले जाते: तो गेला आणि संघ सुधारला. 2023-24 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाने 29 सामने जिंकले आणि पहिले मानांकन मिळवले, हे खरे. पण त्याच वर्षी ॲरिझोनाकडून खेळणारा लव्ह पॅक-12 या विद्यापीठांच्या गटातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि चॅपेल हिलमध्ये, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाकडेच, राहिलेला आरजे डेव्हिस एसीसी या तिच्या गटातला. तिकडे लव्हभोवती वेगळे साथीदार होते, आणि इकडे डेव्हिस व बेकॉट यांच्या जोडीला स्टॅनफर्डहून हॅरिसन इंग्रम आणि नोत्र दामहून कॉर्मॅक रायन आले होते, ज्यांना बाहेर मोकळे सोडणे प्रतिस्पर्ध्याला परवडत नव्हते.