रेरा नंबर आहे, घरपट्टी लागलीय, मग बिल्डिंग कायदेशीर? नाही हो!

"ओसीच्या नावाखाली घाबरवणाऱ्यांना बळी पडू नका" (ओसी म्हणजे बिल्डिंगमध्ये राहायला महापालिका देते तो भोगवटा दाखला) असा एक भलामोठा मेसेज सगळीकडे फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेलच. मी दिसला की डिलीट करत होते. पण परवा तोच मामांनी मला पाठवला, वर "हे वाच, तू उगाच खोडा घालत होतीस" असंही लिहिलं. मामा रिटायरमेंटच्या पैशातून मुलासाठी कागदपत्रं संशयास्पद असलेल्या एका बिल्डिंगमध्ये बुकिंग करायला निघालेत, त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी, त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात. रेरा नंबर (महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे झालेल्या नोंदणीचा) आहे म्हणजे महापालिकेने प्लॅन पास केलाय. घरपट्टी लागली की बांधकाम अधिकृत. इंडेक्स टू (खरेदीच्या दस्तनोंदणीचा उतारा) हातात आला म्हणजे सरकारनेच मान्यता दिली. ओसी हा नुसता कागद, निम्म्या शहराकडे नाहीये. बारा वर्षं झाली की कोणी हात लावू शकत नाही. बँक लोन देते म्हणजे सगळं क्लिअर. आणि कहर म्हणजे, भूमिपूजनाला नगरसेवक आले होते, अजून काय पाहिजे.

सगळ्यात जास्त माणसं बुडतील ती रेराच्या मुद्द्यावर, म्हणून तिथूनच सुरू करते. डोंबिवलीच्या त्या ६५ बिल्डिंगा विसरलात का सगळे? महापालिकेच्या बांधकाम परवानग्या बनावट तयार केल्या, त्याच महारेराकडे सादर केल्या आणि रेरा नंबर मिळवले. २०२२ मध्ये हे बाहेर आलं, पोलिसांची एसआयटी बसली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या बिल्डिंगा पाडायचे आदेश दिले. आता मला सांगा, तिथे राहणाऱ्यांकडे काय कमी होतं? रेरा नंबर होता, स्टँप ड्यूटी भरलेली होती, कर्जाचे हप्ते चालू होते. म्हणजे मेसेजमध्ये जे जे "असलं की निर्धास्त व्हा" म्हणून सांगितलंय ते जवळजवळ सगळं होतं. नव्हती ती फक्त महापालिकेची खरी परवानगी.

कारण बांधकामाला परवानगी देणं हे महारेराचं कामच नाही. ती देते महापालिका, म्हणजे तिचा नगररचना विभाग, १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली. रेरा २०१६ चा कायदा, त्याचा रोख बिल्डरने ग्राहकाशी कसं वागायचं यावर आहे. पैसे कुठे ठेवायचे (७० टक्के वेगळ्या खात्यात), ताबा कधी द्यायचा, माहिती काय जाहीर करायची, हे सगळं त्यात येतं. आता एक मान्य करते, मनाविरुद्ध का होईना: डोंबिवलीच्या प्रकरणानंतर महारेरा परवानगीचा कागद खरा आहे का हे स्थानिक प्राधिकरणाकडून खात्री करून घ्यायला लागलंय, त्यामुळे आज नव्याने मिळालेला नंबर तेव्हाच्या नंबरपेक्षा नक्कीच बरा. पण तेव्हाही कागद जोडलाच होता की. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट असेल किंवा आठच फ्लॅट असतील तर रेरा नोंदणी लागतच नाही, म्हणजे नंबर नाही म्हणून बिल्डिंग बोगस असंही होत नाही. नंबर हा मुद्दाच वेगळा आहे.

मामांना एजंटने जी पीडीएफ दिलीय त्यात सीसीची झेरॉक्स आहे, म्हणजे बांधकाम सुरू करायचा दाखला. मी उघडून बघितली. परवानगी तळमजला अधिक चार मजल्यांची, आणि साइटवरच्या फोटोत मी स्वतः सात मोजले! एजंट म्हणतो वरच्याची "प्रोसेस चालू आहे". सर्व्हे नंबर बरोबर, पण हिस्सा नंबर करारनाम्याच्या मसुद्यात एक आणि सीसीवर दुसराच. हे समजायला वकील लागत नाही हो, चष्मा लावला तरी पुरतं. सीसी दाखवली की लोक मान डोलावतात, त्यावर किती मजले लिहिलेत ते कोणी वाचतच नाही.

आता घरपट्टी. हे वाचून तर मी कपाळावर हात मारला, कारण कायद्यात याच्या बरोबर उलट लिहिलंय, अगदी शब्दशः. मुंबई सोडून बाकी महापालिकांना जो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे त्याचं कलम २६७ अ काढून बघा. बेकायदा बांधकामावर मालमत्ता कर लावायचा, वर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती (दंड) लावायची, आणि हा कर नि शास्ती वसूल केली म्हणून ते बांधकाम नियमित झालं असं समजायचं नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्या शास्ती करावरून इतकी वर्षं राजकारण पेटलं होतं तो हाच. म्हणजे पालिका तुमच्याकडून पैसे घेते, पावती देते, आणि तरीही तुमचं घर बेकायदाच असतं. तुम्हाला हे अन्यायाचं वाटत असेल तर मलाही वाटतं, बांधकाम चालू असताना डोळे मिटून बसायचं आणि नंतर बिलं पाठवायची हा काय कारभार झाला? पण अन्याय आहे म्हणून कागदाचा अर्थ बदलत नाही. घरपट्टीचं बिल हा घर अस्तित्वात असल्याचा पुरावा, अधिकृत असल्याचा नाही.

इंडेक्स टूचं तेच. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, माणसांची ओळख आणि स्टँप ड्यूटी बघतात. बिल्डिंग प्लॅनप्रमाणे आहे का हे बघायला ते साइटवर जात नाहीत. पुढे.

ओसी नुसता कागद? मग सरकार त्या कागदावर जीएसटी का सोडतं? ओसी मिळाल्यानंतर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, आधी घेतला तर ५ टक्के, परवडणाऱ्या घरांत १ टक्का. बिल्डरने सोसायटीला कन्व्हेयन्स (मालकी नावावर) करून द्यायची मुदत रेरात ओसीपासून मोजतात, तीन महिने. ओसी म्हणजे मंजूर प्लॅनप्रमाणे बांधलंय आणि आता यात माणसं राहायला हरकत नाही असं महापालिकेने लेखी देणं. निम्म्या शहराकडे ती नाही हे मी नाकारत नाही, जुन्या बिल्डिंगांचं तर विचारूच नका, आणि लोक राहतायत हेही खरं. पण शेजाऱ्याकडेही लायसन नाही म्हणून आपण पोलिसाला सांगतो का, की मग मलाही सोडा?

बारा वर्षांचं कुठून आलं ते ओळखीचं आहे. दुसऱ्याच्या जागेवर बारा वर्षं उघड कब्जा असला की मालकी सांगता येते, ते लिमिटेशनच्या कायद्यातलं. त्याचा बेकायदा मजल्याशी काडीचा संबंध नाही. सुप्रीम कोर्टाने १७ डिसेंबर २०२४ ला मेरठच्या एका केसमध्ये, राजेंद्र कुमार बडजात्या विरुद्ध यूपी आवास विकास परिषद, स्पष्ट सांगितलंय की वेळ गेला, अधिकाऱ्यांनी दिरंगाई केली किंवा पैसे गुंतवले म्हणून अनधिकृत बांधकाम कायदेशीर ठरत नाही. त्याच निकालात देशभरासाठी सूचना आहेत: ताबा ओसीनंतरच द्यायचा, वीज-पाणी-ड्रेनेजची कनेक्शन ओसी बघूनच द्यायची, आणि बँकांनीही ओसी किंवा पूर्णत्वाचा दाखला तपासूनच बिल्डिंग तारण ठेवून कर्ज द्यायचं. म्हणजे मेसेजमधला "बँक देते म्हणजे क्लिअर" हाही मुद्दा इथेच संपला. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेच्या पैशाची काळजी करतो, तुमच्या नाही.

हो, गुंठेवारीत (विनापरवाना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटवर) काही घरं नियमित होतात. २००१ चा कायदा आहे, २०२१ मध्ये मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. पण त्याला अर्ज, शुल्क, अटी आहेत, आणि मामांची बिल्डिंग अजून उभी राहतेय, ती त्यात कशी बसणार?

नगरसेवकाच्या नारळावर जास्त लिहीत नाही. विकास आराखडा, एखाद्या प्लॉटवरचं आरक्षण बदलणं, हे महासभेत जातं, तिथे लोकांच्या हरकती-सूचना मागवतात, तिथे नगरसेवकाला मत असतं. एखाद्या बिल्डिंगचा प्लॅन मात्र आयुक्तांच्या अधिकारात प्रशासन मंजूर करतं. २०२२ नंतर काही वर्षं बहुतेक महापालिकांत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात एकही प्लॅन पास झाला नाही का?

मामांना मी एवढंच लिहून पाठवलंय: सीसीवरचा जावक क्रमांक आणि तारीख घेऊन नगररचना विभागात जा, हा नंबर तुमच्याच रजिस्टरला आहे का आणि किती मजल्यांचा आहे ते विचारा. तोंडी सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात. तोपर्यंत टोकनचा चेक देऊ नका.