टोपीवाला एम

देवगडात पाऊस धो धो, लाइट कधी जाईल नेम नाही, आणि मी सकाळपासून एक अक्षर पुसतोय. एक!

आंब्याच्या पेट्यांची इंग्रजीत टाइप केलेली यादी. अर्ध्या ओळी विंडोजवर भरलेल्या. सर्व्हरवर व्हीआय नावाच्या जुन्या एडिटरमध्ये उघडली तर त्या ओळींच्या शेपटाला टोपी घातलेला एम, म्हणजे ^M. बरं, पुसू म्हटलं. शोधून पुसायच्या कमांडमध्ये टोपी टाइप केली, एम टाइप केला, एंटर. झालं! त्या शहाण्याने टोपी म्हणजे ओळीची सुरुवात समजून तिथले एम उडवले. मालवण, मिठबाव, मुणगे गेले. यादीत आता अलवण, इठबाव आणि उणगे. शेपटातले एम जागेवर, ढिम्म.

का, तर म्हणे ती दोन अक्षरं नाहीतच! तो 13 नंबरचा कॅरेज रिटर्न, विंडोज ओळ संपली की ठेवतं ते एकच चिन्ह. ते टाइप करायला आधी कंट्रोल-व्ही, मग कंट्रोल-एम. हे कुठल्या ज्योतिषाला विचारायचं?

आणि माझ्या टर्मिनलात कंट्रोल-व्ही म्हणजे पेस्ट! शोधायच्या जागी मासळीचे भाव येऊन पडले. मग म्हणे कंट्रोल-क्यू वापरा. सवयीने मध्येच सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं, तर स्क्रीनच गोठली. सोडवायची कशी? पुन्हा तोच कंट्रोल-क्यू! एका बटणाला किती नोकऱ्या?

बिल जॉय नावाच्या प्रोग्रामरने 1976 मध्ये हे व्हीआय लिहायला घेतलं. पन्नास वर्षं होत आली, अजून एखादं साधं 'हा कचरा काढ' बटण नको?

आई पेज घेऊन आली, डोकावली. "एक अक्षर पुसूक अख्खी सकाळ लागता तुका?"

काय सांगू? आणि गेली बघा लाइट.