जेवणावरून उठून केलेली सेवा

योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी ऐकतो. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, हे संडेस्कूलच्या पोरांनाही तोंडपाठ असतं. त्यातली एक गोष्ट मात्र हल्ली माझ्या डोक्यातून जात नाही. प्रभू भोजनावरून उठला. सगळ्यांचं आटोपल्यावर सवडीने केलेलं हे काम नव्हतं. पंगत बसलेली, पुढे मरण दिसतंय आणि हा कमरेला रुमाल बांधून दासाचं काम करायला उठतो. पंगतीत त्याला धरून देणारा यहूदाही होता. त्याचेही पाय धुतले.

आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, सेवेची हौस आहे, दानतही आहे. पण खरं सांगते, आपली बरीचशी सेवा आपल्या सोयीने चालते. रविवारची उपासना झाली, वेळ आहे, चला फळं वाटू. वॉर्डात जायचं, हातात सफरचंद द्यायचं, फोटो काढायचा, प्रार्थना करायची, निघायचं. ज्याला डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून सांगितलंय, त्याच्याही उशाशी दोन सफरचंदं! त्या माणसाला आपण विचारलं का, बाबा, तुला काय पाहिजे?

आमच्या मंडळीतल्या एक काकू विचारतात. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये नुसते शहरातले पेशंट नसतात. अक्कलकोट, मंगळवेढा, पार तिकडे कर्नाटकातल्या इंडीकडूनही लोक येतात. काकू नातेवाइकांजवळ बसतात आणि आधी कन्नडमध्ये विचारतात, "ऊटा आतेन्री?" जेवण झालं का? आपल्या भाषेत जेवणाची चौकशी ऐकली की समोरची बाई मोकळी होते. मग कळतं, भाकरी आहे, पण दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. आंघोळ नाही. पेशंटजवळून हलायची सोय नाही, सलाईन कोण बघणार? काकू म्हणतात, "जावा तुम्ही, मी बसते." आणि खरंच बसतात. सलाईन संपत आलं की सिस्टरला हाक मारतात, म्हाताऱ्याला कुशीवर वळवतात, भांडं देतात. घरी स्वतःचं जेवण झाकून ठेवलेलं असतं. याचा फोटो कुठेच नाही.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचा. लुटारूंनी वाटेत मारून टाकलेल्या अनोळखी माणसाच्या त्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं, आणि तो रात्रभर उतारशाळेत थांबला. दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. वर सांगितलं, जास्त लागलं तर परत येताना देईन. माझं मन त्या "परत येताना" वर अडतं. आपण परत कितीदा जातो?

पंडिता रमाबाईंचं नाव आपण अभिमानाने घेतो. पुण्याला जाताना केडगाव लागतं, तिथलं मुक्ती मिशन त्यांचं. आईवडील दुष्काळात गेलेले, भूक स्वतः सोसलेली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. आणलं म्हणजे काय, तर वाढवलं, शिकवलं, हाताला काम दिलं. वर्षानुवर्षं. त्या मुली काही आल्या आल्या गोड वागणाऱ्या नव्हत्या. उपासमारीने आणि माणसांनी पोळलेली लेकरं होती ती.

प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला पत्रात लिहितो, लीनतेने दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. श्रेष्ठ मानलेल्या माणसाची वेळ सांभाळावी लागते, त्याची गरज त्यालाच विचारावी लागते. हे दवाखान्यापुरतं नाही. मंडळीच्या प्रीतिभोजनाला शेवटी जेवणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या बाया वर्षानुवर्षं त्याच का? एखाद्या वर्षी पंचांनी त्यांना आधी वाढावं की.

नाताळची वर्गणी सुरू होईल तेव्हा मी मंडळीत एवढंच मागणार आहे: यंदा फळवाटपाऐवजी रात्री पेशंटजवळ बसणाऱ्यांची यादी करू. ज्याला जो वार जमेल तो. तरुण संघातल्या पोरांनी पुरुष वॉर्ड घ्यावा, बायकांच्या वॉर्डाचं आम्ही बघतो. कन्नड आणि तेलुगू येणारे तर हवेतच. काकूंनी बुधवार आधीच सांगून ठेवलाय, गुरुवार माझा.