चार्जेबल, कार्पेट आणि लेझरवाला पोरगा

परवा खराडीत भाड्याच्या एका ऑफिसची मापं घ्यायला गेलो होतो. मी, आमच्या टीममधला एक पोरगा आणि त्याचं ते मुठीएवढं लेझर मीटर. ओनरच्या कागदावर चार्जेबल, म्हणजे ज्यावर भाडं लागतं ते क्षेत्र, 10,000 स्क्वेअर फूट, एफिशियन्सी 70 टक्के, म्हणजे आत वापरायला, कार्पेट, 7,000 निघायला हवं. पोराने मीटर भिंतीला टेकवून समोर लाल ठिपका पाडला, कॉलम वजा केले, एसीची रूम वेगळी धरली, खात्री म्हणून परत एकदा मोजलं. 6,640. बिल्डिंग मॅनेजर शेजारीच उभा होता, म्हणतो कसा, "साहेब, इथे आजवर कुणी मोजलंच नाही." नऊ वर्षं झालीत बिल्डिंगला!

आता हिशोब बघा. चार्जेबलच्या फुटाला 80 रुपये रेटने भाडं महिन्याला 8 लाख, म्हणजे कागदावरच्या 7,000 कार्पेटला फुटामागे साधारण 114 रुपये. न मिळालेल्या 360 फुटांचे महिन्याला 41 हजार, पाच वर्षांत पावणेपंचवीस लाख, तेही एस्कलेशन, म्हणजे करारातली ठरलेली भाडेवाढ, न धरता. आणि याच डीलमध्ये रेट 82 चा 80 करायला आम्ही तीन आठवडे घासाघीस केली होती, त्याचं कौतुक वेगळं.

घर विकत घेताना निदान रेराने, म्हणजे बिल्डरांवरच्या कायद्याने, कार्पेटची व्याख्या तरी ठरवून दिली. पण रेराचा 'अलॉटी' म्हणजे विकत घेणारा, भाड्याने घेणारा त्या व्याख्येतून चक्क वगळलाय. त्यामुळे ऑफिस लीजिंगमध्ये लोडिंगचा कारभार अजून तसाच, लिफ्ट लॉबी, जिना, डक्ट, टेरेसचा तुकडा, सगळं तुमच्या डोक्यावर वाटून टाकायचं आणि आकडा गोल करायचा.

मी 17 वर्षं ऑफिस भाड्याने देण्याघेण्याच्या या धंद्यात आहे आणि गेली दोन वर्षं चार पोरांबरोबर बसून याच धंद्यासाठी सॉफ्टवेअर करतोय. दर महिन्याला कुणीतरी भेटतं, आमच्याकडे थ्रीडी टूर आहे, व्हीआर चष्मा आहे, एआय आहे. अरे बाबांनो, चष्मा घालून चुकीचे 7,000 फूट बघून काय करू?

आमची खरी डोकेदुखी इंडेक्स टू, म्हणजे रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. सरकारच्या साइटवर रजिस्टर झालेल्या व्यवहारांचा इंडेक्स टू मिळतो आणि तोही मराठीत, ही महाराष्ट्राची फार मोठी गोष्ट आहे, लोकांना किंमत नाही. कुठल्या कंपनीने कुठला मजला काय भाड्याने घेतला ते ब्रोकरच्या गप्पांवर नाही तर नोंदलेल्या दस्तावर कळतं. काही कंपन्यांनी तर हाच डेटा गोळा करून अख्खा धंदा उभा केलाय. पण तो वाचायला बसा एकदा! क्षेत्रफळाचा रकाना आहे, त्यात कुणी चौ. मीटर टाकतं, कुणी चौ. फूट, कार्पेट की बिल्टअप ते बऱ्याचदा 'इतर माहिती'मध्ये लांबलचक वाक्यात लपलेलं. कंपनीचं नाव एका दस्तात 'टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड', दुसऱ्यात 'टेक्नोलॉजीस प्रा. लि.'. आणि सगळ्यात कहर म्हणजे 'सॉफ्टवेअर' आणि 'साॅफ्टवेअर'. नीट बघा, फरक दिसला? तुम्हाला नाही दिसणार, कॉम्प्युटरला दिसतो, कारण दुसऱ्यात कुणीतरी काना वेगळा आणि चंद्र वेगळा टाइप केलाय. आमच्याकडे एकच भाडेकरू यामुळे दोन झाला होता आणि ते शोधायला अडीच दिवस गेले. हे काम कुठल्या प्रेझेंटेशनमध्ये दाखवता येत नाही, पण टेक्नॉलॉजी म्हणजे हेच काम आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

दुसरा नमुना. एका क्लायंटने लॉक-इन, म्हणजे ज्या काळात जागा सोडता येत नाही तो, संपतोय म्हणून जागा सोडायची नोटीस दिली. त्यांनी तीन वर्षं मोजली लायसन्स (भाडेकरार) सुरू झाल्या तारखेपासून, ओनरने मोजली भाडं सुरू झाल्या तारखेपासून, मध्ये फिट-आउटचे, म्हणजे आतलं फर्निचर-काम करायचे, दोन महिने रेंट-फ्री. दोन महिन्यांचं भाडं हवेत लटकलं. मी म्हटलं थांबा, अ‍ॅग्रीमेंट एआयला वाचायला देऊ. त्याने 62 पानं मिनिटभरात वाचून एकदम आत्मविश्वासाने तारीख दिली. चुकीची. कारण नंतर एक दोन पानी अ‍ॅडेंडम (पुरवणी करार) झाला होता, तो वेगळ्या फाइलमध्ये, आणि ती फाइल अ‍ॅडमिनमधल्या ज्या बाईंकडे होती त्या नोकरी सोडून गेलेल्या. आता आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही तारीख टाकली की ते आधी विचारतं, कुठून मोजायची आणि कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर आहे. पोरांना वाटलं काका उगाच स्क्रीन वाढवतायत. असू दे.

मोठ्या लोकांचं बघून आपण भलतंच शिकतो. वीवर्कला 2019 च्या सुरुवातीला 47 अब्ज डॉलरची किंमत लावली गेली, टेक कंपनी म्हणून. करत काय होते? जागा लांब मुदतीने घ्यायची, तुकडे पाडून थोड्या मुदतीने द्यायची. आपल्याकडे याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतात आणि सदाशिव पेठेत त्याच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकज्जे चाललेत. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या त्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

उलट रीट बघा, म्हणजे भाड्याच्या इमारतींचा, शेअरसारखा बाजारात विकला जाणारा फंड. 1 एप्रिल 2019 ला देशातला पहिला रीट लिस्ट झाला, आज कुणीही एक युनिट घेऊ शकतो, हिंजवडीच्या आयटी पार्कातलासुद्धा हिस्सा. त्यांना किती जागा भरलेली, किती रिकामी, हे जाहीर करावं लागतं, आणि तो आकडा कुठल्या अ‍ॅपने नाही, सेबीच्या नियमाने बाहेर आणला. आमच्या धंद्यात स्वतःहून आकडा सांगणारा माणूस मी तरी पाहिला नाही, मी स्वतः धरून.

एसीवर तर वेगळी पोस्ट होईल. संध्याकाळी सातनंतर चार माणसं थांबली तरी पूर्ण मजल्याचा एसी, तासाचे पैसे वेगळे, आणि नोंद कुठे, तर सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये, पेनने. महिनाअखेरीला त्यावरूनच भांडण.

हां, खराडीचं राहिलं. 6,640 चा रिपोर्ट ओनरला दाखवला, चिडले, मग गप्प झाले, मग महिन्याचे 25 हजार कमी करून विषय मिटवला. काल रात्री त्यांचाच फोन. "त्या लेझरवाल्या पोराला घेऊन या रविवारी, माझ्या बाणेरच्या बिल्डिंगचे पाच मजले मोजायचेत. फक्त तिथल्या भाडेकरूंना कळू देऊ नका."