पिल्लू गप्प पडलं म्हणजे सुखरूप आहे, असं नाही

गणपती जवळ आले की कोकणात निघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: घरातलं कुत्र्याचं पिल्लू गावी बिनधास्त न्या. एक लस झाली की पुरे, निघताना दूध-पोळी भरपेट घाला, ॲव्हिलची अर्धी गोळी द्या, मांडीवर घ्या, जेवायला थांबलात तर काच दोन बोटं खाली करून गाडीतच ठेवा, आणि गावी पोचलात की मोकळं सोडा. वाचायला सोपं आहे. पण यातला प्रत्येक सल्ला माणसांचा प्रवास बिनआवाजाचा व्हावा यासाठी आहे, पिल्लासाठी एकही नाही.

‘एक लस पुरे.’ सगळ्यात घातक हेच, म्हणून आधी हे. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून 16 आठवड्यांपर्यंत, दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. शेवटच्या डोसनंतरही पिल्लाला बाहेर न्यायला साधारण दोन आठवडे दम धरायचा. रेबीजची लस तर पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर सुरू होते. मधल्या काळात खरी भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणाऱ्या रोगाची. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेला हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि हाताला लावायच्या सॅनिटायझरला दाद देत नाही. महामार्गावरच्या हॉटेलामागची हिरवळ, जिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण कुत्र्याला मोकळं करतो, ती अशा पिल्लासाठी सगळ्यात वाईट जागा. दहा आठवड्यांचं पिल्लू असेल तर यंदा कुणीतरी घरी थांबावं, हेच माझं उत्तर. नेणं भागच असेल तर वाटेत त्याला जमिनीवर ठेवू नका. शी-शूची सोय गाडीतच, वर्तमानपत्रं अंथरून.

‘ॲव्हिलची अर्धी गोळी.’ ही माणसांची ॲलर्जीवरची, गुंगी आणणारी गोळी. जरा हिशोब करा. तीन किलोच्या पिल्लाला अर्धी गोळी म्हणजे वजनाच्या मानाने पन्नास किलोच्या माणसाला आठ गोळ्या. अशी औषधं जास्त झाली तर झोप येण्याऐवजी पिल्लू बेचैन होऊ शकतं, झटकेही येऊ शकतात. आणि गुंगीत पडलेलं पिल्लू घाबरलंय, तापलंय की मळमळतंय, हे तुम्हाला कळणार कसं? गाडी लागण्यावर कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत. पिल्लाचं वय आणि वजन बघून ती डॉक्टरच देतात.

पिल्लांना गाडी लागते ती बहुधा कानाच्या आतली तोल सांभाळणारी रचना पुरती तयार झालेली नसते म्हणून. मोठेपणी पुष्कळांचं ते जातं. लाळ गळणं, सारख्या जांभया, ओठ चाटणं या ओकारीच्या आधीच्या खुणा. आंबोली किंवा गगनबावड्याच्या वळणांवर माणसंही लिंबू हुंगत बसतात, तिथे दूध-पोळीने भरलेलं पोट काय करील? शिवाय दुधाने अनेक पिल्लांना जुलाब होतात. निघण्याआधी तीनेक तास, नेहमीचंच आणि थोडं खाणं द्या. मात्र पॉमेरेनियनसारखं चिमुकलं पिल्लू फार वेळ उपाशी ठेवू नका. त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

मांडीचं थोडक्यात सांगतो. जोराचा ब्रेक लागला तर हातातलं पिल्लू हातात राहत नाही, आणि पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर तीच त्याच्यावर आदळते. हवेशीर क्रेट, म्हणजे पिल्लाला न्यायचा पिंजरा, मागच्या सीटवर पट्ट्याने घट्ट बांधा, किंवा पुढच्या सीटमागे पाय ठेवायच्या जागेत पक्का बसवा. पण हा क्रेट प्रवासाच्या सकाळी पहिल्यांदा दाखवलात तर पिल्लू रडणारच. दोन-तीन आठवडे आधीपासून तो हॉलमध्ये उघडा पडू द्या, जेवण त्यातच द्या. मग उभ्या गाडीत बसवा, मग कॉलनीला एक चक्कर. गोळीने जे साधायचं म्हणतात ते या कंटाळवाण्या सरावाने साधतं.

काच दोन बोटं उघडी ठेवल्याने गाडी थंड राहत नाही. बाहेर 24 अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत 35 च्या आसपास तापमान जातं. माणसासारखा घाम गाळून कुत्र्याला अंग थंड करता येत नाही, धापा टाकूनच भागवावं लागतं. पाळीपाळीने जेवा, बस्स.

याच मेसेजला कुणीतरी शेपूट जोडलंय, ‘रेल्वेत थ्री एसीला पिशवीत लपवून न्या’. कुत्र्याला थ्री एसीत परवानगी नाही, स्लीपरमध्येही नाही. रीतसर नोंदणी करून फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (दोघांची खोली) किंवा केबिन (चौघांची) घ्यायची, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. त्या पेटीत एकट्या पिल्लाला रात्रभर ठेवायला मी तरी सांगणार नाही.

राहिलं गावी मोकळं सोडणं. भाद्रपदात कोकणात खाचरं आणि डबकी भरलेली असतात, उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) त्याच पाण्यात. लसीच्या कार्डावर लेप्टो आहे का, दोन्ही डोस झालेत का, ते बघा. नसतील तर अंगण-पडवीपलीकडे पिल्लू जाऊ देऊ नका, आणि रोज रात्री कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासा. सणाच्या सुट्टीत तालुक्याला कुत्र्यांचा डॉक्टर कोण भेटेल, सलाईन लावायची सोय कुठे आहे, हे फोन करून निघण्याआधीच विचारून ठेवा.